मानव विकास निर्देशांक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास अहवाल आला की बातमी क्रमांकाची होते: भारत इतक्यावा, शेजारी इतक्यावे. क्रमांकापेक्षा त्यामागचे चार आकडे जास्त बोलतात. ते कसे मिळतात, कुठे फसवतात आणि भारताचा आकडा नक्की कशामुळे अडला आहे, हे इथे मांडले आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, शिक्षक, पत्रकार आणि ग्रामपंचायतीच्या आराखड्यासाठी आकडे गोळा करणारे कार्यकर्ते या सर्वांकडून येणारे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

हा निर्देशांक कोणी आणि कशासाठी काढला?

पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा पहिला मानव विकास अहवाल १९९० मध्ये आला. अमर्त्य सेन त्यांच्यासोबत होते. माणसाच्या आयुष्याचे मोल एका आकड्यात बसवणे सेन यांना सुरुवातीला पटत नव्हते. हक यांचे म्हणणे वेगळे होते. राष्ट्रीय उत्पन्नाचा एकच आकडा सगळ्यांच्या तोंडी बसला आहे, तर त्याला टक्कर द्यायला तितकाच सुटसुटीत आकडा हवा. दोघांचेही म्हणणे आजही खरे आहे, म्हणून हा आकडा वापरावा, पण त्याच्यापाशी थांबू नये.

त्यात नेमके काय मोजले जाते?

तीन पैलू, चार आकडे.

आरोग्यासाठी जन्माच्या वेळचे अपेक्षित आयुर्मान. किमान २० वर्षे, कमाल ८५ वर्षे धरतात.

शिक्षणासाठी दोन आकडे आहेत. पहिला म्हणजे अपेक्षित शालेय वर्षे: आज शाळेत पाऊल टाकणारे मूल, सध्याचेच पटनोंदणीचे प्रमाण कायम राहिले तर, एकूण किती वर्षे शिकेल (० ते १८). दुसरा म्हणजे सरासरी शालेय वर्षे: २५ वर्षांवरील प्रौढांनी प्रत्यक्षात किती वर्षे शिक्षण पूर्ण केले (० ते १५).

राहणीमानासाठी दरडोई स्थूल राष्ट्रीय उत्पन्न, क्रयशक्ती समानतेच्या डॉलरमध्ये (१०० ते ७५,०००). ७५,००० च्या वरचे उत्पन्न मोजणीत धरत नाहीत.

भारताचा आकडा हाताने कसा काढायचा?

मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालातले भारताचे २०२३ चे आकडे घ्या: आयुर्मान ७२.० वर्षे, अपेक्षित शालेय वर्षे १३.०, सरासरी शालेय वर्षे ६.९, दरडोई उत्पन्न ९,०४७ डॉलर.

सूत्र सगळीकडे एकच: (प्रत्यक्ष − किमान) ÷ (कमाल − किमान).

आरोग्य: (७२ − २०) ÷ ६५ = ०.८००.

शिक्षण: १३ ÷ १८ = ०.७२२ आणि ६.९ ÷ १५ = ०.४६०. या दोहोंची साधी सरासरी ०.५९१.

उत्पन्न: इथे आकड्याचा लॉग घ्यायचा. (लॉग ९,०४७ − लॉग १००) ÷ (लॉग ७५,००० − लॉग १००) = ०.६८१. लॉगचा पाया १० घ्या किंवा ई, उत्तर तेच येते, कारण शेवटी गुणोत्तरच राहते.

आता तिन्हींचा गुणाकार करून घनमूळ घ्या (यालाच भूमितीय मध्य म्हणतात): ०.८०० × ०.५९१ × ०.६८१ = ०.३२२, घनमूळ ०.६८५. अहवालातही भारताचा निर्देशांक ०.६८५ आहे आणि क्रमांक १९३ देशांत १३०.

एक्सेलमध्ये करताना हमखास होणाऱ्या चुका अशा: स्थूल राष्ट्रीय उत्पन्नाऐवजी स्थूल देशांतर्गत उत्पादन घेणे, बाजारभावाच्या विनिमय दराचे डॉलर घेणे, शिक्षणाच्या दोन आकड्यांचाही भूमितीय मध्य काढणे (२०१० ते २०१३ या काळात ती पद्धत होती, २०१४ पासून साधी सरासरी आहे), आणि मधल्या पायरीवरच दोन दशांशांत आकडा तोडणे. शेवटच्या चुकीने तिसरा दशांश हमखास बिघडतो, आणि क्रमांक तिसऱ्या दशांशावरच ठरतात.

सरळ सरासरी का नाही? गुणाकार आणि घनमूळ कशाला?

२०१० पूर्वी सरळ सरासरीच होती. तिच्यात एका पैलूची उणीव दुसऱ्याने पूर्ण भरून निघते: शाळा ओस पडल्या तरी तेलाच्या पैशाने आकडा वर राहू शकतो. भूमितीय मध्यात सर्वांत कमजोर पैलू सगळ्यांना खाली ओढतो. भारताचीच सरळ सरासरी काढली तर ती ०.६९१ येते. भूमितीय मध्याने ती ०.६८५ वर येते. हा फरक शिक्षणाच्या ०.५९१ मुळे पडतो.

उत्पन्नाचा लॉग का घेतात?

कारण गरिबाच्या हाती आलेल्या हजार रुपयांचे मोल श्रीमंताच्या हजारापेक्षा खूप जास्त असते. दरडोई उत्पन्न १,००० वरून २,००० डॉलर झाले तर उत्पन्नाचा उपनिर्देशांक ०.१०५ ने वाढतो. ४०,००० वरून ४१,००० झाले तर जेमतेम ०.००४ ने. वाढ दोन्हीकडे हजार डॉलरचीच.

क्रयशक्ती समानतेचा डॉलर म्हणजे काय?

२०१७ मध्ये बाजारात एक डॉलर सुमारे ६५ रुपयांना मिळत होता. पण अमेरिकेत एका डॉलरला जेवढा माल आणि सेवा मिळतात, तेवढ्या भारतात घ्यायला त्या वर्षीच्या आंतरराष्ट्रीय किंमत तुलनेनुसार २०.६५ रुपये पुरत होते. केशकर्तन, रिक्षा, घरभाडे, भाजी आपल्याकडे स्वस्त असल्याने हे होते. म्हणून ९,०४७ हा आकडा आजच्या डॉलरच्या भावाने रुपयांत बदलू नका. उत्तर तिपटी-चौपटीने फुगेल. सध्याच्या अहवालात २०२१ च्या किमतींचा पाया आहे, आधीच्या अहवालांत २०१७ चा होता. दोन अहवालांतले उत्पन्नाचे आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी पाया तपासा.

आखातातून घरी येणारा पैसा यात धरतात का?

बहुतांशी नाही. रत्नागिरी-रायगडचा माणूस वर्षानुवर्षे दुबईत राहून घरी पैसे पाठवतो, तेव्हा ते हिशेबात हस्तांतरण ठरते आणि स्थूल राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जात नाही. वर्षापेक्षा कमी काळासाठी परदेशी जाऊन मिळवलेली मजुरी मात्र मोजली जाते. म्हणून परदेशी पैशावर चालणाऱ्या गावांत प्रत्यक्ष राहणीमान उत्पन्नाच्या आकड्यापेक्षा बरे दिसते. याच्या उलट बाजू म्हणजे परदेशी कंपन्यांनी देशात कमावून बाहेर नेलेला नफा: तो देशांतर्गत उत्पादनात असतो, राष्ट्रीय उत्पन्नातून वजा होतो. आयर्लंडसारख्या देशात ही तफावत मोठी आहे.

एका वर्षात भारताचा निर्देशांक ०.६४४ वरून ०.६८५ झाला, हे खरे का?

नाही. मार्च २०२४ च्या अहवालात भारताचा २०२२ चा निर्देशांक ०.६४४ आणि क्रमांक १३४ होता. पुढच्या अहवालात २०२३ चा ०.६८५ आणि क्रमांक १३० आला. दोन्ही शेजारी ठेवून ‘विक्रमी झेप’ म्हणण्याचा मोह होतो. पण मधल्या काळात लोकसंख्येचे अंदाज आणि किमतींचा पाया सुधारला गेला. त्या सुधारित पायावर २०२२ चा निर्देशांक ०.६७६ आणि क्रमांक १३३ येतो. खरी वाढ ०.००९ ची.

नियम साधा आहे: कालानुसार तुलना करायची तर एकाच अहवालातल्या कालश्रेणीच्या तक्त्यातून करा, दोन वर्षांच्या दोन अहवालांतून कधीही नाही. कोविडच्या काळाबद्दल लिहितानाही हे पाळावे. २०२१-२२ च्या अहवालात भारताचे आयुर्मान ६९.७ वरून ६७.२ वर घसरलेले दिसते. नंतरच्या अहवालांत ते आकडे बदलले. घसरण मात्र खरी होती, आणि जगाचा एकूण निर्देशांक सलग दोन वर्षे, २०२० आणि २०२१ मध्ये, खाली आला, असे मोजणी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच घडले.

भारतापुरती आणखी एक अडचण आहे. २०११ नंतर जनगणना झाली नाही, पुढची २०२७ ची आहे. एवढ्या मोठ्या मध्यांतरात आयुर्मानापासून दरडोई उत्पन्नापर्यंत सगळ्याचा भाजक हा अंदाजच असतो.

०.७०० म्हणजे ‘उच्च’ गट. तिथे पोचायला भारताला काय लागेल?

०.५५० च्या खाली कमी, ०.५५० ते ०.६९९ मध्यम, ०.७०० ते ०.७९९ उच्च आणि ०.८०० पासून अत्युच्च, असे गट आहेत. भारत ०.०१५ ने मागे आहे. बाकीचे आकडे आहेत तिथेच ठेवून एकच आकडा हलवला तर ०.७०० साठी पुढीलपैकी कोणतेही एक पुरते:

आयुर्मान ७२ वरून सुमारे ७५.४ वर्षे;
किंवा अपेक्षित शालेय वर्षे १३ वरून १४.४;
किंवा सरासरी शालेय वर्षे ६.९ वरून ८.१;
किंवा दरडोई उत्पन्न ९,०४७ वरून सुमारे १२,१७० डॉलर, म्हणजे ३४ टक्क्यांहून अधिक वाढ.

प्रौढांच्या शिक्षणात सव्वा वर्षाची भर आणि उत्पन्नात एक तृतीयांश वाढ यांचे वजन या सूत्रात सारखे आहे. भारताची दुखरी नस इथे आहे. वर्तमानपत्रांत चर्चा उत्पन्नाची होते. आकडा अडलेला आहे तो सातवीही पूर्ण न झालेल्या प्रौढ माणसाच्या सरासरीवर.

मग सगळी मुले शाळेत घातली की प्रश्न सुटला?

सुटतो, पण फार उशिरा. सरासरी शालेय वर्षे २५ वर्षांवरील लोकांची मोजतात. जून २०२५ मध्ये पहिलीत बसलेले सहा वर्षांचे मूल २०४४ मध्ये या मोजणीत येईल. आज साठी-सत्तरीत असलेल्या आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाया-माणसांचा शून्य आजच्या सरासरीत आहे. म्हणजे हा आकडा चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी शिक्षणावर खर्च न केल्याची वसुली आहे. श्रीलंकेने १९४५ मध्ये शिक्षण मोफत केले. तिथल्या प्रौढांची सरासरी आज दहा वर्षांच्या वर आहे, आणि १९८३ नंतरची यादवी व २०२२ चे दिवाळे सोसूनही तो देश ०.७७६ वर, ८९ व्या क्रमांकावर आहे.

प्रौढांसाठी काही करता येत नाही असे नाही. मुंबईच्या रात्रशाळेतून दहावी झालेला हमाल किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेली अंगणवाडीताई सरासरीत त्याच वर्षी दिसते. नुसती साक्षरता परीक्षा उत्तीर्ण झाल्याने मात्र शालेय वर्षे वाढत नाहीत.

अपेक्षित शालेय वर्षे १३ आहेत, म्हणजे मुले बारावीपर्यंत शिकतात का?

हा आकडा पटावरून काढतात, हजेरीवरून नाही आणि शिकण्यावरून तर मुळीच नाही. ‘असर’ या मुलांच्या शिक्षणपातळीच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. निर्देशांकात त्या सर्व मुलांची पाच वर्षे पूर्ण धरली जातात.

बीडसारख्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची कोयती (मजूर जोडपी) निघतात आणि हंगाम संपेपर्यंत परततात. आईबापाबरोबर फडावर गेलेले मूल गावच्या शाळेच्या पटावर असते, म्हणून आकड्यात तेही शिकत असते. हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले तर ते मूल आजीपाशी गावात राहते. टोळी निघून गेल्यावर सुरू झाले तर जागा रिकाम्या राहतात. हा फरक जागतिक अहवालात कधीच उमटणार नाही, तो तालुक्यातच दिसतो.

कोणती अर्थव्यवस्था चांगला निर्देशांक देते, भांडवलशाही की समाजवादी?

यादीत वरच्या टोकाला आइसलँड (०.९७२) आणि तळाला दक्षिण सुदान (०.३८८) आहे. वरचे बहुतेक देश बाजारव्यवस्थेचे आहेत, पण आरोग्य, शिक्षण आणि निवृत्तिवेतनावर करातून भरपूर खर्च करणारे. अर्थव्यवस्थेच्या नावापेक्षा अहवालाच्या तक्त्यातला एक रकाना जास्त शिकवतो: उत्पन्नाचा क्रमांक वजा निर्देशांकाचा क्रमांक. हे उत्तर धन असेल तर देशाने मिळकतीच्या मानाने माणसांचे अधिक भले केले. ते ऋण असेल तर पैसा आहे, पण तो आयुष्यात उतरलेला नाही. तेलावर चालणारे कुवेत, कतार यांचे उत्तर ऋण येते, विषुववृत्तीय गिनीचेही. क्यूबाचे धन येते.

बांगलादेश हे शेजारचे उदाहरण. दरडोई उत्पन्न भारतापेक्षा कमी, निर्देशांक तोच ०.६८५, क्रमांकही तोच १३०. तिथे माणसे भारतापेक्षा अडीच वर्षांहून जास्त जगतात, तेवढ्याने उत्पन्नाची कसर भरून निघाली.

एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. मतदानाचा हक्क, बोलण्याचे स्वातंत्र्य, जातीचा जाच, तुरुंगाची भीती यांतले काहीही या आकड्यात नाही. चीन ०.७९७ वर आहे, पण त्यातून तिथल्या नागरिकाच्या स्वातंत्र्याबद्दल काहीच कळत नाही.

विषमता धरली तर काय होते?

भारताचा निर्देशांक ३०.७ टक्क्यांनी घटून ०.४७५ वर येतो. ही घट भारताला थेट ‘कमी’ गटाच्या पातळीवर नेते. कारण ०.६८५ ही सरासरी आहे, आणि त्या सरासरीचे आयुष्य जगणारा माणूस शोधायला गेलात तर क्वचितच सापडेल.

हवामान बदलाचा यात काही हिशेब आहे का?

मूळ निर्देशांकात नाही. २०२० पासून पृथ्वीवरील ताण धरून काढलेला वेगळा निर्देशांक देतात. त्यात दरडोई कार्बन उत्सर्जन आणि दरडोई साधनसामग्रीचा वापर यांनुसार वजावट होते. त्या वर्षी नॉर्वे १५ क्रमांकांनी खाली गेला, लक्झेंबर्ग १३१ क्रमांकांनी. भारताची वजावट कमी असते, पण त्याचे भांडवल करू नये. आपले उत्सर्जन कमी आहे यात काटकसरीबरोबर अनेक घरांतल्या अभावाचाही मोठा वाटा आहे.

बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक म्हणजे हाच का?

नाही, आणि जिल्हा-तालुका पातळीवर तोच अधिक कामाचा. तो घरागणिक मोजतात. नीती आयोगाच्या पद्धतीत १२ निकष आहेत. पोषण १/६, बाल-किशोर मृत्यू १/१२, मातृआरोग्य १/१२. शालेय वर्षे १/६, शाळेतील उपस्थिती १/६. आणि इंधन, शौचालय, पाणी, वीज, घर, मालमत्ता, बँक खाते या सातांना प्रत्येकी १/२१. उणिवांची बेरीज १/३ किंवा अधिक झाली की घर गरीब. समजा घरात दहा वर्षांवरील एकानेही सहा वर्षे शाळा पूर्ण केलेली नाही (१/६) आणि एक मूल कुपोषित आहे (१/६). बेरीज १/३. पक्के घर आणि मोबाइल असूनही हे घर गरीब ठरते.

या मोजणीत २०१५-१६ ते २०१९-२१ दरम्यान महाराष्ट्रातील गरिबांचे प्रमाण १४.८० वरून ७.८१ टक्क्यांवर आले. राज्यात सर्वांत जास्त प्रमाण नंदुरबारचे.

महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांचा निर्देशांक देशांशी ताडून पाहता येईल का?

नाही. राज्याच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात २०११ साठी मुंबई ०.८४१, राज्य ०.७५२ आणि नंदुरबार ०.६०४ असे आकडे आहेत. जिल्ह्याचे आयुर्मान खात्रीने काढता येत नसल्याने तिथे बालमृत्यू दरासारखे निकष वापरले जातात, उत्पन्नही जिल्हा उत्पादनावरून घेतात. ‘मुंबई अमुक देशाच्या बरोबरीची’ असे मथळे म्हणून चुकीचे ठरतात. जिल्ह्यांची आपापसात तुलना मात्र चालते, आणि त्यावर काम झाले आहे. मानव विकास कार्यक्रम २०११ पासून २३ जिल्ह्यांतील १२५ तालुक्यांत चालला. शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी एसटीच्या निळ्या बस, सायकली, अभ्यासिका, गरोदर मातांना बुडीत मजुरी. यातल्या बस आणि सायकलींकडे विशेष लक्ष द्यावे, कारण सातवीनंतर मुलीची शाळा सुटते ती बहुधा अंतरामुळे. बस शाळेच्या वेळेला धरून सुटली तरच तिचा उपयोग. दुपारी चारला शाळा सुटून सहाला गाडी असेल, तर पालक दुसऱ्या महिन्यात मुलीला घरी बसवतात.

गावासाठी स्वतः मोजायचे तर कुठून सुरू करावे?

आयुर्मानाच्या नादी लागू नका. तीन हजार वस्तीच्या गावात वर्षाला वीसेक मृत्यू होतात. दोन अपघात झाले तरी आकडा उलटापालटा होतो. त्याऐवजी पाच वर्षांखालील बालमृत्यू सलग पाच वर्षांचे एकत्र घ्या आणि अंगणवाडीच्या नोंदवहीतून जन्मवजन व पोषणाच्या श्रेणीनिहाय मुले घ्या. उत्पन्न विचारू नका, कोणी खरे सांगत नाही. बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकातले वरचे सात राहणीमान निकष डोळ्यांनी पाहून भरा.

मुख्य काम शालेय वर्षांचे. २५ वर्षांवरील प्रत्येकाची उत्तीर्ण केलेली शेवटची इयत्ता लिहा. ‘दहावीपर्यंत’ म्हणणारा बहुधा दहावी नापास असतो, त्याची वर्षे ९. बारावी १२, तीन वर्षांची पदवी १५. समजा दहा प्रौढांत तिघे ०, दोघे ४, एक ७, दोघे १०, एक १२ आणि एक १५ आहेत. बेरीज ६२, सरासरी ६.२. सून सासरच्या घरात मोजा, लग्न होऊन गेलेली मुलगी नको. कामासाठी बाहेर गेलेल्यांची यादी वेगळी ठेवा. ती मिसळली की सरासरी वर जाते आणि गावात प्रत्यक्ष राहणारे कोण, हेच झाकले जाते.

शेवटी हीच सरासरी बायका आणि पुरुष अशी वेगळी काढा, मग २५ ते ३४ आणि ६० च्या वर अशी वेगळी. तरुण बायकांचा आकडा तरुण पुरुषांच्या जवळ आला असेल, तर गावात गेल्या वीस वर्षांत काहीतरी नीट झाले आहे. तो आला नसेल, तर ज्या इयत्तेवर मुलींची संख्या एकदम कोसळते ती इयत्ता शोधा आणि ती शाळा गावापासून किती किलोमीटरवर आहे ते त्याच तक्त्यात लिहा.